मुहूर्ताचा अर्धा तास

आमच्या आजीचं माहेर बोरगाव. बेळगाव जिल्ह्यातलं, निपाणीकडचं, दूधगंगेकाठचं गाव. थोडं पुढे गेलं की इचलकरंजी, म्हणजे महाराष्ट्र लागतो. तिथून ती १९४९ च्या वैशाखात लग्न होऊन पेडण्याला आली आणि पुढची साठ वर्षं इथंच राहिली. आमच्या पणजोबांचा निपाणीच्या तंबाखूचा छोटासा व्यापार होता, त्यातून ही सोयरीक जुळली. आजी बोलता बोलता "की वो" म्हणायची आणि आम्ही पोरं तिची नक्कल करायचो.

पण एक गोष्ट ती कधी हसून सांगत नसे. "आमच्या लग्नाचा मुहूर्त टळला होता," असं ती म्हणायची. तिचा पहिला मुलगा वर्षाचा व्हायच्या आत गेला. त्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास यायचं आणि त्यापुढे ती गप्प व्हायची. मुहूर्त टळला तो अर्ध्या तासाने. तो अर्धा तास कुठून आला, याचा हा शोध आहे. आजी हयात असताना मी तो घेतला नाही, हे आधीच कबूल करतो.

घरात सांगितली जाणारी हकिकत अशी. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. पत्रिकेवर छापलं होतं, 'सायंकाळी ६ वाजून ५५ मिनिटे'. वऱ्हाड पेडण्याहून निघालं. पत्रादेवीची हद्द ओलांडून बांदा, सावंतवाडी, आंबोलीचा घाट, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी असं करत बोरगावला पोचलं आणि गावाच्या एका टोकाला जानवशाच्या घरी उतरलं. वऱ्हाडात मनगटी घड्याळ एकट्याकडेच. ते आजोबांच्या काकांच्या हातात. काका पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत कारकून. घड्याळावर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा.

त्या संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून आलेलं. पश्चिमेला सूर्य दिसेना. मुलीकडचा माणूस बोलावणं घेऊन आला, "पावणं, चला की वो, दिवस बुडतोय." काकांनी घड्याळ पाहिलं आणि बसा म्हणाले. थोड्या वेळाने दुसरा माणूस धावत आला. काकांनी मनगट पुढे केलं, "अजून अर्दें वर आसा!" तास या अर्थाचा हा कोंकणी शब्द पोर्तुगीज 'ओरा'वरून आलेला आहे, तो त्या बिचाऱ्याला कळला नाही. त्याला वाटलं पाहुण्यांचं काही अडलंय, वर काही राहिलंय. तो परत गेला.

वऱ्हाड मांडवात आलं तेव्हा काकांच्या घड्याळात सातला दहा कमी होते. पाच मिनिटं आधीच आलो म्हणून ते खूश. मांडवातले लोक मात्र गप्प. भटजींच्या घंगाळातली वाटी कधीच बुडाली होती. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पण अंतरपाटाआड उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने बायकांची कुजबुज ऐकली होती.

काकांचं घड्याळ मागे पडलं होतं, असंच घरात सगळे धरून चालायचे. मीही तेच धरून होतो. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला, मग सरकारी नोकरीला लागलो. गोव्याच्या मुक्तीपूर्व काळाबद्दल काहीबाही वाचत असताना एकदा कळलं की पोर्तुगीज गोव्याची प्रमाणवेळच भारताच्या अर्धा तास मागे होती. काकांचं घड्याळ बिघडलेलं नव्हतं. ते गोव्याची वेळ दाखवत होतं.

आता जरा मागे जाऊ, कारण हे वेळांचे पट्टे आले कुठून हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मुळात वेळ म्हणजे सूर्य. डोक्यावर आला की मध्यान्ह. पण पृथ्वी गोल आणि ती फिरते, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यावर तो एकदम येत नाही. २४ तासांत ३६० अंश म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. पूर्वेकडच्या गावात दुपार आधी, पश्चिमेकडच्या गावात नंतर. हे आपल्या ज्योतिषांना पक्कं ठाऊक होतं. आपला दिवस ६० घटकांचा, घटका ६० पळांची. म्हणजे एका अंशाला बरोबर १० पळं. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा ही मध्यरेषा मानायची आणि आपलं गाव तिच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, त्याप्रमाणे गणितात फरक करायचा. त्याला देशांतर म्हणत. उज्जैन हे आपलं ग्रीनिच होतं म्हणा ना. त्या हिशेबाने बोरगाव उज्जैनच्या पश्चिमेला सुमारे १३ पळं आणि पेडणं सुमारे २० पळं. फरक माहीत होता, पण त्यामुळे कोणाचं अडत नव्हतं. प्रत्येक गावाने आपला सूर्य बघावा आणि आपली कामं करावीत.

लग्नासाठी घटिकापात्र असायचं. पाण्यात तरंगणारी तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. २४ मिनिटांत ती भरते आणि बुडते. आपण आजही 'घटका भरली' म्हणतो, ती घटका ही. वैशाखात आपल्याकडे दिवस साधारण बत्तीस घटकांचा असतो. सूर्योदयाला वाटी पाण्यात सोडली आणि मोजत राहिलं की बत्तिसावी वाटी बुडते तेव्हा दिवस बुडतो. आभाळ आलं तरी हिशेब चुकत नाही. बोरगावच्या भटजींना पत्रिकेवरच्या आकड्याची गरजच नव्हती. तो आकडा पाहुण्यांसाठी छापलेला होता.

हे सगळं मोडलं ते आगगाडीने. बैलगाडीला चार-पाच मिनिटांचा फरक कळत नाही. आगगाडीला कळतो, कारण एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ शकतात. इंग्लंडमध्ये १८४० पासून रेल्वे कंपन्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावू लागल्या. अमेरिकेत तर गावोगाव वेगळी वेळ आणि रेल्वे कंपनीगणिक वेगळी वेळ. शेवटी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी तिथल्या रेल्वे कंपन्यांनी आपसांत ठरवून पट्टे पाडले. सरकारला विचारलंही नाही. सॅन्डफर्ड फ्लेमिंग नावाचा कॅनडातला रेल्वे इंजिनिअर सगळ्या जगासाठी २४ पट्ट्यांची कल्पना घेऊन देशोदेशी पत्रं पाठवत होता.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले. शून्य रेखावृत्त ग्रीनिचचं मानावं असा ठराव २२ विरुद्ध १ मतांनी पास झाला. विरोधात एकटं सान डोमिंगो. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. हिंदुस्थानच्या वतीने जनरल रिचर्ड स्ट्रेची नावाचे इंग्रज गृहस्थ हजर होते. आपल्याला कोणी विचारलं असेल ही अपेक्षा नकोच. या परिषदेने जगाला पट्टे वाटून दिले असा एक समज आहे, तो बरोबर नाही. तिने फक्त सुरुवात कुठून मोजायची ते ठरवलं. कोणत्या देशाने कोणती वेळ लावायची, हे ज्या त्या सरकारने पुढच्या काळात आपापल्या सोयीने आणि आपापल्या अहंकाराने ठरवलं. फ्रान्सने १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ धरून ठेवली. मग जो कायदा केला त्यातही ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही. 'पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली' असं लिहिलं!

आपल्याकडची गंमत याहून मोठी. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. मद्रास साधारण मध्ये, म्हणून सगळ्या हिंदुस्थानातल्या रेल्वेने मद्रासची वेळ घेतली. मुंबईकर घरात मुंबईच्या वेळेवर आणि स्टेशनावर मद्रासच्या वेळेवर चालायचे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतल्या सरकारी कारभाराला मद्रासची वेळ लावली. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे. म्हणजे सगळं अर्धा तास आधी. मुंबईकर खवळले. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावर विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मतदान झालं आणि मुंबईची वेळ जिंकली. तर मग घड्याळावरच्या दिव्यांचा खर्च आम्ही देणार नाही, असं सरकारने ठणकावलं. अखेर १८८३ मध्ये सरकारलाच माघार घ्यावी लागली.

पुन्हा तोच वाद पेटला १९०६ मध्ये. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ही ८२॥ अंशांवरची, म्हणजे उत्तरेतल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ. मद्रासला जेमतेम ९ मिनिटांचा फरक पडला. कलकत्त्याला सुमारे २४ मिनिटं मागे यावं लागलं. मुंबईला मात्र ३९ मिनिटं पुढे जावं लागलं. बंगालच्या फाळणीने वातावरण आधीच तापलेलं. त्या जानेवारीत मुंबईत हजारो गिरणी कामगारांनी काम थांबवून गिरण्यांवर दगडफेक केली. निषेधाच्या अर्जावर पंधरा हजारांहून जास्त लोकांच्या सह्या झाल्या. कामगारांचं म्हणणं साधं होतं. घड्याळ पुढे केलं तर भोंगा पहाटेच्या अंधारात होणार, आणि मालक संध्याकाळी सूर्य मावळेपर्यंत राबवून घेणार ते घेणारच. मुंबई महापालिकेने तर १९५० पर्यंत मुंबईचीच वेळ चालवली. म्हणजे आजी-आजोबांचं लग्न झालं त्या १९४९ सालीही मुंबईत दोन वेळा नांदत होत्या.

बोरगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात. तिथे कोणी दगड मारले नसावेत, कारण शेतकऱ्याला आणि तंबाखूच्या मळ्याला घड्याळाचं काय? पण कचेरी, टपाल, निपाणीची बाजारपेठ आणि छापखाना या वाटांनी प्रमाणवेळ गावात शिरली. लग्नपत्रिका छापखान्यातच छापतात.

आता पोर्तुगालकडे या. १९१० च्या ऑक्टोबरात तिथली राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. नव्या सरकारला सगळं आधुनिक करायचं होतं. तोवर लिस्बनचं घड्याळ ग्रीनिचच्या सुमारे ३७ मिनिटं मागे असे. १९११ मध्ये हुकूम निघाला आणि १ जानेवारी १९१२ पासून पोर्तुगालने ग्रीनिचची वेळ घेतली. त्यासोबत वसाहतींनाही पूर्ण तासांचे पट्टे मिळाले. अंगोलाला १ तास, मोझांबिकला २, पोर्तुगीज हिंदुस्थानला ५, मकावला ८. गोवा, दमण, दीव यांना पाच तास. पलीकडच्या ब्रिटिश हिंदुस्थानात साडेपाच. पत्रादेवी ओलांडली की अर्धा तास पुढे आणि परत आलं की अर्धा तास मागे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मग आपलीही घड्याळं भारतीय प्रमाणवेळेवर आली. मुक्तीआधी सीमेपलीकडे ये-जा केलेली माणसं तुमच्या घरात असतील तर विचारून बघा. पासपोर्टच्या आणि जकातीच्या गोष्टी सगळे सांगतात. घड्याळाचं विचारल्यावर आठवतं.

म्हणजे लिस्बनच्या एका हुकुमाने आणि कलकत्त्याच्या एका हुकुमाने मिळून आमच्या आजीचा मुहूर्त टाळला. इथवर येऊन मी थांबलो असतो. पण कारकुनाची सवय, आकडे ताळ्यावर लावून बघायचे. तेव्हा खरी गोम लक्षात आली.

बोरगाव साधारण ७४॥ अंशांवर आहे. अंशाला ४ मिनिटं धरली तर बोरगावच्या सूर्याची सरासरी वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५८ मिनिटं पुढे येते. गोव्याची त्या वेळची प्रमाणवेळ ५ तास. फरक फक्त दोन मिनिटांचा! भारतीय प्रमाणवेळ मात्र बोरगावच्या सूर्यापेक्षा ३२ मिनिटं पुढे आहे. आपल्या पेडण्याचा हिशेबही तसाच, पोर्तुगीज वेळेशी जेमतेम ५ मिनिटांचा फरक आणि भारतीय प्रमाणवेळेशी ३५ मिनिटांचा. म्हणजे मांडवात ज्या घड्याळाला सगळ्यांनी नावं ठेवली, ते वास्तविक बोरगावच्या सूर्याच्या अगदी जवळ चालत होतं. आणि पत्रिकेवरचे ६ वाजून ५५ मिनिटं ही बोरगावची वेळ नव्हतीच. ती मिर्झापूरची होती.

यात पोर्तुगिजांची सूर्यभक्ती वगैरे काही नव्हती. १५ अंशांच्या पट्ट्यात गोवा ७५ अंशांच्या रेषेजवळ पडला, इतकंच. आजही आपल्या सरळ रेषेत दक्षिणेला असलेल्या मालदीवची वेळ ग्रीनिचच्या पाच तास पुढे आहे. कराचीतही तीच. आणि एवढ्या मोठ्या देशाला एकच वेळ ठेवायची तर कोणाच्या तरी सूर्याशी तडजोड करावीच लागते. आसामच्या चहामळ्यांत त्यावर उपाय म्हणून घड्याळ तासभर पुढे ठेवतात, त्याला 'बागान टाइम' म्हणतात. आपण पश्चिमेकडचे लोक उलट्या बाजूचे. आपली दुपार घड्याळात साडेबारानंतर होते आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. मी रोज सकाळी साडेनऊला कचेरीतल्या यंत्रावर बोट टेकवतो, तेव्हा पेडण्याच्या सूर्याने नऊसुद्धा वाजवलेले नसतात. लेट मार्क मात्र मिर्झापूरच्या हिशेबाने लागतो. असो.

मग चूक कोणाची? काकांची म्हणावी तर त्यांचं घड्याळ बरोबर. पत्रिकेची म्हणावी तर तीही बरोबर. मला वाटतं, चूक एवढीच की आकड्यापुढे तो कुठला हे लिहिलेलं नव्हतं. सूर्य, वाटी, गाईगुरांची परतण्याची वेळ, यांना गाव चिकटलेलं असतं. आकड्याला ते नसतं. आकडा कुठेही नेता येतो म्हणून तो सोयीचा आणि म्हणूनच तो फसवतो. 'गोरज मुहूर्त' एवढंच छापलं असतं आणि काकांनी घड्याळाऐवजी गोठ्याकडे बघितलं असतं, तर काही बिघडलं नसतं. आज गोव्यातल्या प्रत्येक वाड्यावरचं एखादं तरी घर लिस्बनला किंवा इंग्लंडला फोन लावतं, आणि तिकडचे साडेपाच तास मागे की साडेचार, हे हिवाळा-उन्हाळा बघून मोजावं लागतं. तेव्हा आपण न चुकता विचारतो, "तुमच्याकडचे किती वाजले?" काकांनी तेवढंच विचारायला हवं होतं.

गेल्या वैशाखात बोरगावला आजीच्या भावाच्या नातवाचं लग्न होतं, म्हणून गेलो. १ नोव्हेंबर १९५६ ला हे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, पुढे १९७३ मध्ये त्या राज्याचं कर्नाटक झालं. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पाट्यांची भाषा बदलली, घड्याळ बदललं नाही. इचलकरंजीत आणि बोरगावात एकच वेळ. आणि आता आपल्या पेडण्यातही तीच.

आदल्या संध्याकाळी नदीकडे गेलो आणि धाकट्या भावाला फोन लावला. त्याला मुद्दाम हरमलच्या किनाऱ्यावर उभं राहायला सांगितलं होतं. इकडे सूर्य उसाच्या शेतांमागे गेला तेव्हा घड्याळात सातला पाच कमी. भाऊ म्हणाला, "अजून थोडो आसा... आता गेलो." दीड-दोन मिनिटांचा फरक. तेवढाच. १९४९ मध्येही तेवढाच होता.

रात्री हे सगळं मामीआजींना सांगितलं. आजीच्या धाकट्या भावाची ही बायको, नव्वदीला आलेली. लग्नानंतर या घरात आली, पण ही हकिकत तिने सासूकडून पन्नास वेळा ऐकलेली. अंश आणि मिनिटं तिला सांगत बसलो नाही. एवढंच सांगितलं की पाहुण्यांचं घड्याळ मागे नव्हतं, आपल्या गावच्या दिवसाला धरूनच चालत होतं.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे घड्याळ बरोबर होतं म्हणायचं. मग वन्संनी जन्मभर मनाला लावून घेतलं ते?"

मी म्हटलं, "घड्याळ बरोबर होतं. पण वाटी बुडाली होती हेही खरं."

"बुडली तर बुडली," ती म्हणाली. "चोपन्न वर्षं संसार केला की रं तिनं."